हार्डवेअर तेच, कोड तोच, मग ड्रायव्हर मोडतो कसा?

एखादं नेटवर्क कार्ड आठ वर्षं मुकाट्याने काम करत असतं. त्याच्या ड्रायव्हरच्या, म्हणजे ते चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, फाइलला गेल्या तीन वर्षांत कुणी हात लावलेला नसतो. एक दिवस मशिनवर नवा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, बसतो आणि कार्ड गप्प होतं. जुना कर्नल परत टाकला की पुन्हा सुरू. कार्डात बिघाड नाही, ड्रायव्हरमध्ये एका अक्षराचा फरक नाही. तरी तक्रार येते ती ड्रायव्हरची, आणि निस्तरायची ती ज्याच्या नावावर तो ड्रायव्हर आहे त्याने.

ड्रायव्हर एकदा लिहिला की झालं, असं मलाही वाटायचं. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलमधला एक लहानसा ड्रायव्हर बरीच वर्षं माझ्याकडे आहे. सेन्सरचे सिग्नल वाचणाऱ्या एका जुन्या पीसीआय कार्डाचा (संगणकातल्या खाचेत बसतं ते), जेमतेम दीड हजार ओळींचा. लिहायला काही महिने लागले. सांभाळणं अजून चालू आहे.

मुळात ड्रायव्हर करतो काय ते आधी पाहू. उपकरणाच्या आत रजिस्टर नावाची छोटी छोटी घरं असतात, बहुतेकदा ३२ बिटांची. कर्नलला ती मेमरीतल्या पत्त्यांसारखीच दिसतात, पण ती मेमरी नसते. मेमरीत ५ लिहिले की ५ च वाचायला मिळतात. रजिस्टरमध्ये १ लिहिला तर मोटर फिरायला लागेल आणि लगेच वाचलं तर भलतंच काही हाती येईल. काही रजिस्टर अशी की नुसती वाचली तरी आतली नोंद पुसली जाते. एरर आल्याची खूण पुसायची असेल तर त्या बिटात ० नव्हे, १ लिहायचा, हा तर हार्डवेअरवाल्यांचा लाडका प्रकार. काम संपलं की उपकरण इंटरप्ट पाठवून प्रोसेसरला हाक मारतं. डेटा मोठा असेल तर प्रोसेसरला मध्ये न घेता ते थेट मुख्य मेमरीत लिहितं. याला डीएमए म्हणतात. बहुतेक ड्रायव्हर या तीन गोष्टींवर उभे असतात.

ड्रायव्हरला दुभाषी म्हणायची पद्धत आहे. उपमा बरी आहे, पण दुभाषी चुकला तर फार तर गैरसमज होतो. ड्रायव्हर कर्नलच्या आत, कर्नलच्याच अधिकाराने चालतो. त्याने चुकीच्या पत्त्यावर लिहिलं तर अख्खं मशिन आडवं होतं. २००१ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी लिनक्सचा कोड चाळून दाखवलं होतं की ड्रायव्हरमधल्या चुकांचं प्रमाण उरलेल्या कर्नलच्या तुलनेत तीन ते सात पटींपर्यंत जास्त आहे. ड्रायव्हर लिहिणारे अडाणी असतात म्हणून हे होत नाही. कर्नलचा शेड्युलर, म्हणजे कोणता प्रोग्रॅम कधी चालणार ते ठरवणारा भाग, प्रत्येक मशिनवर प्रत्येक क्षणी चालतो, त्यातली चूक कुणाच्या ना कुणाच्या पायात येतेच. माझ्या कार्डाचा ड्रायव्हर जगात किती मशिनवर चालत असेल? आणि त्यातला ‘केबल उपटली गेली तर’ हा भाग किती वेळा चालला असेल? आज लिनक्स कर्नलमध्ये ३ कोटींहून जास्त ओळी आहेत आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक ड्रायव्हरच्या आहेत. म्हणजे सगळ्यात मोठा भाग तोच, आणि सगळ्यात कमी डोळ्यांखालून जाणाराही तोच.

मेंटेनर, म्हणजे ड्रायव्हर सांभाळणारा, दोन बाजूंच्या मध्ये उभा असतो. एका बाजूला हार्डवेअर, जे कारखान्यातून बाहेर पडताना जसं होतं तसंच राहणार, खोडींसकट. दुसऱ्या बाजूला कर्नल, जो एका जागी थांबतच नाही.

आधी हार्डवेअरची बाजू. चिपबरोबर डेटाशीट, म्हणजे तिचं माहितीपत्रक, मिळते आणि नवख्या माणसाला वाटतं की तीच पोथी. प्रत्यक्षात चिप बाजारात आल्यावर कंपनी चुकांची वेगळी यादी काढते, आणि यादीत न आलेल्या चुका ड्रायव्हरवाल्याला ठेचा खाऊन कळतात. कर्नलमध्ये पीसीआय उपकरणांच्या अशा खोडींसाठी वेगळी फाइल आहे, यूएसबी स्टोरेजसाठी वेगळी यादी आहे. अमुक कंपनीचं तमुक मॉडेल असेल तर अमुक आज्ञा देऊ नका, तमुक उत्तरावर विश्वास ठेवू नका, अशा त्या नोंदी. या याद्या कधी आखूड होत नाहीत. नवीन माणूस त्या पाहून म्हणतो, हा सगळा कचरा काढून टाकू या. पण त्यातल्या प्रत्येक नोंदीमागे कुणीतरी वैतागून काढलेली रात्र असते.

त्या नवख्यांत मीही होतो. माझ्या ड्रायव्हरमध्ये कार्ड थांबवण्याच्या फंक्शनमध्ये दोन ओळी होत्या. पहिली रजिस्टरमध्ये लिहून कार्डाचे इंटरप्ट बंद करायची. दुसरी तेच रजिस्टर वाचायची आणि वाचलेली किंमत टाकून द्यायची. किंमत कुठेच वापरली जात नव्हती, म्हणून मी ती ओळ उडवली. माझ्या मशिनवर सगळं व्यवस्थित. दीड महिन्याने एकाची तक्रार आली: कार्ड बंद करताना वीस-पंचवीस वेळा काही होत नाही आणि मग एकदा मशिन कोसळतं. कारण असं, की पीसीआय बसवर, म्हणजे प्रोसेसर आणि कार्डं जोडणाऱ्या वाटेवर, प्रोसेसरने केलेलं लिखाण लगेच कार्डापर्यंत पोचेलच असं नाही. वाटेतल्या ब्रिजमध्ये ते थोडा वेळ पडून राहू शकतं. प्रोसेसर मात्र ‘लिहिलं’ असं समजून पुढे जातो. ड्रायव्हरने इंटरप्ट बंद झाले असं धरून आपली मेमरी सोडून दिली होती, आणि कार्डाला तो निरोप मिळायचाच होता. तेवढ्यात कार्डाने इंटरप्ट दिला की खेळ खलास. वाचण्याची गंमत अशी की त्याचं उत्तर मिळेपर्यंत थांबावंच लागतं, आणि ते मिळण्याआधी वाटेत अडकलेलं लिखाण पुढे ढकललं जातं. ती बिनकामाची ओळ निरोप पोचल्याची पावती घेत होती. मी ती परत टाकली आणि वर दोन ओळींची कॉमेंट लिहिली, कारण पाच वर्षांनी आणखी कुणीतरी साफसफाईला येणार हे पक्कं.

दुसरा एक प्रकार पाहा. ‘उपकरण कामात आहे’ असं सांगणारा एक बिट असतो. तो ० होईपर्यंत ड्रायव्हर एका लूपमध्ये तो पुन्हा पुन्हा वाचत राहतो. साधं आणि सरळ. आता चालू मशिनमधून ते पीसीआय उपकरण निघून गेलं तर? नसलेल्या उपकरणाचं रजिस्टर वाचलं की सहसा उत्तर मिळतं ते सगळेच्या सगळे बिट १. म्हणजे ‘कामात आहे’चा बिटही १. उपकरण जागेवर नाही आणि ड्रायव्हर ते मोकळं व्हायची वाट पाहत अनंतकाळ फिरतोय. त्यामुळे असा लूप दिसला की रिव्ह्यू करणारा पहिला प्रश्न विचारतो, वेळेची मर्यादा कुठे आहे? असे ड्रायव्हर लिहिले गेले तेव्हा कार्ड डब्याच्या आत स्क्रूने घट्ट बसवलेलं असायचं. ते चालू असताना काढता येईल हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. पुढे थंडरबोल्टसारख्या केबलवरून पीसीआय बाहेर आलं आणि जुनी गृहीतकं उघडी पडली.

आता कर्नलची बाजू. लोकांचा गोंधळ इथे जास्त होतो. लिनक्स एक वचन कडकपणे पाळतो: वापरणाऱ्याचा प्रोग्रॅम काल चालत होता तर तो आजच्या कर्नलवरही चालला पाहिजे. हे वचन बाहेरच्या प्रोग्रॅमसाठी आहे. आतल्या कोडला, म्हणजे ड्रायव्हरलाही, असं कोणतंच वचन नाही. कर्नल ड्रायव्हरला जी फंक्शनं पुरवतो त्यांची नावं, त्यांना द्यायच्या गोष्टी, त्यांचा अर्थ हे सगळं पुढच्या आवृत्तीत बदलू शकतं, आणि नवी आवृत्ती दर नऊ-दहा आठवड्यांनी येते.

उदाहरण घ्यायचं तर टायमरचं. ‘इतक्या वेळाने मला हाक मार’ असं ड्रायव्हर कर्नलला सांगतो. पूर्वी त्यासाठी एक फंक्शन आणि त्याला द्यायचा एक आकडा सोपवावा लागे. या आकड्याच्या जागी बहुतेक जण आपल्या डेटाचा पत्ता आकडा म्हणून कोंबत. फंक्शनचा पत्ता आणि हा आकडा मेमरीत शेजारी-शेजारी असल्यामुळे हल्लेखोराची चांगलीच सोय व्हायची: शेजारच्या बफरमधून, म्हणजे डेटा ठेवायच्या जागेतून, ओसंडून दोन्ही बदलता आले की हवं ते फंक्शन हव्या त्या आकड्याने चालवता येई. २०१७ मध्ये ही पद्धत बदलायचं ठरलं, आणि जानेवारी २०१८ मध्ये ४.१५ ही आवृत्ती आली तेव्हा जुनी पद्धत गेलेली होती. शेकडो ड्रायव्हर बदलावे लागले.

हे बदलायचे कुणी? इथे लिनक्सची रीत मला मनापासून पटते: ज्याने फंक्शन बदललं त्यानेच कर्नलमधले त्याचे सगळे वापर दुरुस्त करून द्यायचे. म्हणून ड्रायव्हर कर्नलच्या झाडात, म्हणजे कर्नलच्या मूळ कोडच्या सामायिक साठ्यात, असणं फायद्याचं. जगाच्या दुसऱ्या टोकाचा, तुमचं उपकरण कधी न पाहिलेला माणूस तुमचा ड्रायव्हर नव्या पद्धतीवर आणून देतो. जी कंपनी आपला ड्रायव्हर स्वतःकडेच ठेवते तिला हे प्रत्येक आवृत्तीला एकटीने करत बसावं लागतं. दोन-तीन वर्षांत कंपनीला कंटाळा येतो आणि ग्राहक जुन्या कर्नलवर अडकून पडतो.

पण या सोयीची एक मेख आहे. शेकडो ड्रायव्हर बदलणाऱ्याकडे शेकडो उपकरणं नसतात. बदल बरेचदा कॉक्सिनेलसारख्या साधनाने होतात. असं दिसलं तर तसं करा, असा नियम लिहायचा आणि ते साधन सगळीकडे बदल करत जातं. पॅचखाली, म्हणजे पाठवलेल्या बदलाखाली, प्रामाणिकपणे लिहिलेलं असतं की फक्त कंपाइल करून पाहिलं आहे, उपकरणावर चालवून नाही. असे पॅच मेंटेनरच्या दारात येऊन पडतात. शंभरातले नव्व्याण्णव बिनधोक असतात. उरलेला एकही अगदी तसाच दिसतो, आणि मेंटेनर लागतो तो त्या एकासाठी.

कधी कधी ड्रायव्हर मुळातच चुकीचा असतो, पण चूक वर्षानुवर्षं पचून जाते. फंक्शनमधली तात्पुरती मेमरी, म्हणजे स्टॅक, डीएमएसाठी वापरू नका, हा नियम कर्नलच्या कागदपत्रांत फार पूर्वीपासून आहे. तरी कितीतरी यूएसबी ड्रायव्हरमध्ये लोक आठ-दहा बाइटचा बफर स्टॅकवर घेत आणि तोच उपकरणाला पाठवायला देत. नेहमीच्या पीसीवर ते चालून जायचं, त्यामुळे कुणाचं काही बिघडत नव्हतं. डिसेंबर २०१६ मध्ये आलेल्या ४.९ आवृत्तीने ६४ बिट पीसीवर स्टॅक वेगळ्या प्रकारच्या मेमरीत ठेवायची सोय आणली. हेतू चांगला होता: स्टॅक मर्यादेबाहेर वाढला तर शेजारची मेमरी गुपचूप खराब होण्याऐवजी चूक तिथेच पकडली जावी. पण त्या मेमरीचे पत्ते डीएमएला चालत नाहीत. परिणामी कित्येक यूएसबी उपकरणं, त्यात टीव्ही ट्यूनर बरेच, एका झटक्यात बंद पडली. दोष कुणाचा? नियमाने पाहिलं तर ड्रायव्हरचा. पण वापरणाऱ्याला नियमाशी काय देणंघेणं. त्याचा ट्यूनर काल चालत होता.

आणि कधी कधी ड्रायव्हर अगदी निर्दोष असतो. २००८ च्या उन्हाळ्याअखेर २.६.२७ ही आवृत्ती तयार होत असताना इंटेलची काही नेटवर्क कार्डं कायमची निकामी होऊ लागली. नुसती बंद नव्हे, त्यांच्या आतली कायमस्वरूपी मेमरीच खराब होत होती. साहजिकच संशय त्यांच्या ई-१०००-ई या ड्रायव्हरवर गेला. लोकांनी तो ओळन् ओळ तपासला, आणि काही हाती लागेना. चोर निघाला भलतीकडे. एफट्रेस नावाची कर्नलमधली एक सोय, फंक्शनं कधी चालतात ते पाहण्यासाठी, कोडमधल्या काही जागांचे पत्ते लिहून ठेवायची आणि नंतर त्या जागी बदल करायची. काही कोड फक्त सुरुवातीला लागतो आणि मग त्याची मेमरी सोडून दिली जाते. एफट्रेसच्या यादीत तिचे पत्ते राहून गेले. तीच पत्त्यांची जागा पुढे नेटवर्क कार्डाला मिळाली. एफट्रेस तिथे जाऊन पाहायचा, ‘अपेक्षित मजकूर असेल तरच बदल’, आणि नसल्याने काही बदलायचा नाही. निदान त्याला तसं वाटायचं. कारण ही तुलना करणारी प्रोसेसरची आज्ञा मजकूर जुळला नाही तरी जुनीच किंमत परत लिहिते. साध्या मेमरीत याने काही बिघडत नाही. पण मघाशी म्हटलं तसं, ही मेमरी नव्हती. तिथे लिहिणं म्हणजे हार्डवेअरला आज्ञा देणं.

एफट्रेसची ती सोय २.६.२७.१ मध्ये बंद करण्यात आली. ड्रायव्हरमध्येही एक बदल झाला: कार्डाच्या कायमस्वरूपी मेमरीला लिखाणबंदीचं कुलूप लावण्यात आलं. निर्दोष असूनही ड्रायव्हरने कुलूप लावून घेतलं, हे मला फार शहाणपणाचं वाटतं.

इतकं नाट्य रोज नसतं. रोजचं काम बरंच रटाळ असतं. कर्नलमध्ये मेंटेनर्स नावाची एक लांबलचक साधी मजकुराची फाइल आहे. कोणत्या फाइली कुणाच्या, मेल कुठे पाठवायची, आणि अवस्था काय. ‘सपोर्टेड’ म्हणजे हे बघायला कुणाला तरी पगार मिळतो. ‘मेंटेन्ड’ म्हणजे पगाराचं माहीत नाही, पण कुणीतरी बघतंय. ‘ऑड फिक्सेस’ म्हणजे माणूस आहे, वेळ नाही. ‘ऑर्फन’ म्हणजे अनाथ. त्या फाइलीत नाव असलं की पॅच येतात, ते वाचायचे, शंका विचारायच्या, शब्दांवरून हुज्जत घालायची, मग वरच्या मेंटेनरकडे पाठवायचे. तिथून ते लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सपर्यंत जातात. नव्या गोष्टी घेण्याची खिडकी दोन आठवडे उघडी असते, ती मिटली की फक्त दुरुस्त्या.

यांत्रिक साहाय्यकही आहेत. पॅच पाठवून काही तास होत नाहीत तोच इंटेलचा टेस्ट रोबो कुठल्यातरी विचित्र कॉन्फिगरेशनवर कंपाइल करून ‘मोडलं’ म्हणून मेल पाठवतो. गूगलचा सिझबॉट कर्नलला वेडेवाकडे इनपुट देऊन पाडतो. दोघांचाही आधी राग येतो आणि मग आभार मानावे लागतात.

तक्रार आली की बायसेक्ट हे मोठं हत्यार. एका आवृत्तीत दहा हजारांहून जास्त बदल असतात. त्यातला कोणता नडला? मधला बदल घ्यायचा, कर्नल बांधायचा, चालतोय का पाहायचं. चालला तर दोष पुढच्या अर्ध्यात, नाही तर मागच्या. दर वेळी निम्मे गळतात, त्यामुळे तेरा-चौदा फेऱ्यांत गुन्हेगार सापडतो. पण या फेऱ्या ज्याच्याकडे उपकरण आहे त्यानेच मारायच्या असतात, म्हणजे बहुतेकदा तक्रार करणाऱ्याने. त्याला ते गोड बोलून, एकेक आज्ञा लिहून देऊन करायला लावणं ही वेगळी कला आहे, आणि ती कुठल्याच डेटाशीटमध्ये नाही.

दुरुस्ती सापडली की ती आधी मुख्य कर्नलमध्ये जाते, मग जुन्या स्थिर आवृत्त्यांत. पॅचखाली ‘फिक्सेस’ असं लिहून मूळ चुकीच्या कमिटचा, म्हणजे नोंदवलेल्या बदलाचा, नंबर दिलेला असतो, त्यावरून कोणत्या आवृत्त्यांना तो लागतो ते ठरतं. इथेही सापळा आहे: दुरुस्ती दुसऱ्याच एखाद्या बदलावर टेकलेली असेल आणि तो बदल जुन्या आवृत्तीत नसेल, तर पॅच सुखाने बसतो, कंपाइल होतो आणि चुकीचं काम करतो.

मग सांभाळणारा उरला नाही तर? जुलै २०१९ मध्ये फ्लॉपीच्या ड्रायव्हरला अनाथ म्हणून खूण केली गेली. चालणारं फ्लॉपी हार्डवेअर मिळणंच कठीण झालं होतं. जिवंत वापर उरला होता तो मुख्यतः आभासी मशिनमधल्या आभासी फ्लॉपीचा, आणि तिथल्या सुरक्षेच्या चुका कुणीतरी दुरुस्त करायलाच हव्या होत्या. नंतर एकाने तो दत्तक घेतला. सगळ्यांचं नशीब असं नसतं. इटॅनियम प्रोसेसरचा सगळा आधार जानेवारी २०२४ च्या ६.७ आवृत्तीत काढून टाकला गेला. काढून टाकण्यात क्रूरपणा नाही. न वापरला जाणारा ड्रायव्हर फुकट राहत नाही. टायमरसारखा प्रत्येक मोठा बदल करणाऱ्याला तोही बदलावा लागतो, आणि चालतोय का हे सांगायला कुणी नसतं.

माझी दोन कार्डं होती. त्यातलं एक गेल्या वर्षी गेलं. दुसरं खणात असतं. नव्या आवृत्तीचा पहिला आरसी, म्हणजे चाचणीसाठीचा मसुदा, आला की ते काढतो, पीसीआयची खाच असलेल्या जुन्या मशिनमध्ये बसवतो, कर्नल बांधतो, सेन्सर जोडून अर्धा तास आकडे पाहतो आणि कार्ड परत खणात ठेवतो. तेही गेलं तर पाठवायचा पॅच एका ओळीचा आहे: मेंटेनर्स फाइलीत ‘मेंटेन्ड’ खोडून ‘ऑड फिक्सेस’.